रबाबाचा नातू

फार पूर्वी काबूलकडून आलेला एक रबाब शेरदिल खाँच्या घरी मानाने राहत होता. पुढे खाँसाहेबांनी त्याच्याच घडणीवरून लोखंडी तारांचा सरोद बनवला. मग प्रत्येक मैफलीत सरोदच वाजू लागला आणि रबाब भिंतीवर टांगल्या टांगल्या जळफळू लागला.

एकदा राजेसाहेब घरी गाणं ऐकायला येणार होते. रबाब सरोदाला गोडीगुलाबीने म्हणाला, "बाळा, आज वाजताना खुंट्या जरा सैल सोड. आवाज खुलतो."

"आजोबा, तुम्ही सांगाल तसं," सरोद म्हणाला.

भर मैफलीत सरोद बेसूर झाला. रबाब मनातून हरखला.

राजेसाहेब हसून म्हणाले, "खाँसाहेब, हे वाद्य कुठल्या घराण्यातलं?"

खाँसाहेबांनी मान खाली घातली आणि भिंतीवरच्या रबाबाकडे बोट दाखवलं.