मागून येणारी हाक

स्पेन देशात ऑलिव्हच्या बागांनी वेढलेलं एक छोटं शहर होतं. तिथल्या फुटबॉल संघात एलोय नावाचा एक विंगर होता. विंगर म्हणजे मैदानाच्या अगदी कडेने, पांढऱ्या रेषेला धरून धावणारा खेळाडू. चेंडू घेऊन पुढे धावायचं आणि गोलसमोरच्या सोबत्याकडे तो टोलवायचा, हे त्याचं अर्धं काम. चेंडू समोरच्या संघाकडे गेला की तितक्याच वेगाने मागे यायचं, हे उरलेलं अर्धं.

एलोयला पहिलं अर्धं फार आवडायचं. तो धावू लागला की कुंपणाजवळ बसून सूर्यफुलाच्या बिया सोलणारे लोक हातातल्या बिया तशाच ठेवून उभे राहायचे. तो मागे येताना कुणी उभं राहत नसे.

त्याच बाजूला, त्याच्या मागे, सातुर खेळायचा. सातुर बचावपटू होता. चेंडू गेला की तो ओरडायचा, "एलोय, मागे!" एलोय हात वर करायचा, जणू निघालोच, आणि सावकाश चालत यायचा. तोवर सातुर दोघांच्या वाटचं धावायचा.

सामना संपल्यावर सातुर धापा टाकत म्हणायचा, "तुझ्या आईला सांग, आज तुझ्या वाटचं मी धावलो. तुझ्या वाटचं जेवणही मलाच वाढ म्हणावं."

"ती तुला तसंही माझ्याआधी वाढते," एलोय म्हणायचा. दोघं हसायचे आणि तेवढ्यावर विषय संपायचा.

हंगामाचा शेवटचा सामना आला. तो बरोबरीत सुटला असता तरी संघ वरच्या गटात टिकला असता. खेळ संपत आला होता. एलोयकडून चेंडू निसटला. ज्या खेळाडूवर त्याने नजर ठेवायची, तो त्याच्या शेजारून पळत सुटला. "एलोय, मागे!" हाक आली. एलोयने हात वर केला. सातुरच्या अंगावर एकदम दोघं आले. त्याने एकाला अडवलं. दुसऱ्याने गोल केला.

कपडे बदलायच्या खोलीत प्रशिक्षकांनी विचारलं, "त्या गड्याला सोडलं कुणी?"

सातुरने एलोयकडे पाहिलं. एलोय खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडत होता. त्या सुटून झाल्या, तरी तो वाकलेलाच राहिला.

"सातुर, तुझं वय झालं," प्रशिक्षक म्हणाले.

त्या उन्हाळ्यात सातुरला संघातून काढलं. सामान उचलून निघताना त्याने एलोयला एवढंच विचारलं, "माझी हाक ऐकू यायची ना तुला?"

"प्रेक्षकांचा आवाज फार असतो," एलोय म्हणाला.

"हो," सातुर म्हणाला. "असतो खरा."

पुढे एलोय मोठ्या संघात गेला. वर्तमानपत्रांत त्याचे फोटो आले. मग एक संघ सुटला, दुसरा मिळाला, तोही सुटला. गुडघे दुखू लागले. दर वेळी शहर आधीच्यापेक्षा लहान आणि बसचा प्रवास आधीच्यापेक्षा लांब होत गेला. शेवटी तो आपल्या जुन्याच संघात परतला. त्याला आता फक्त आणखी एक वर्ष खेळायचं होतं, आपल्या माणसांसमोर, मग थांबायचं होतं.

नवे प्रशिक्षक म्हणाले, "पुढे धावायला आता उनाई आहे. तू त्याच्या मागे खेळ."

ती सातुरची जागा होती. तिथून मैदान वेगळंच दिसायचं. समोर सतत दुसऱ्याची पाठ असायची. चेंडू गेला की एलोय ओरडायचा, "उनाई, मागे!" उनाई हात वर करायचा आणि चालत यायचा. एलोय दोघांच्या वाटचं धावायचा. सामना संपल्यावर त्याला जिने चढवत नसत.

एके दिवशी अगदी तसाच गोल झाला. प्रशिक्षकांनी तोच प्रश्न विचारला. उनाई बुटांच्या नाड्या सोडू लागला.

एलोयला नाव घेता आलं असतं. ते खरंही होतं. घेतलं असतं, तर हवं असलेलं ते एक वर्ष कदाचित पुरं करता आलं असतं. पण कोणत्या तोंडाने घेणार?

"माझ्या बाजूने गेला तो," एलोय म्हणाला.

"तुझं वय झालं," प्रशिक्षक म्हणाले.

एलोयलाही संघातून काढलं. तो सामान घेऊन निघाला, तेव्हा उनाई दारापाशी उभा होता. "तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?"

"माझी हाक ऐकू यायची ना तुला?"

उनाई खाली बघत म्हणाला, "आवाज फार असतो हो."

"असतो खरा," एलोय म्हणाला. ते म्हणताना त्याला फार थकल्यासारखं वाटलं.

घरी न जाता त्याने सातुरच्या गावाची बस धरली. सातुर झाडून पाडलेली फळं गोळा करायला ऑलिव्हच्या झाडाखाली जाळी अंथरत होता. केस पांढरे झाले होते, चाल जड झाली होती.

"सातुर, मला ऐकू यायचं," एलोय म्हणाला. "प्रत्येक वेळी."

"माहीत होतं," सातुर म्हणाला. "बहिऱ्याला कोण हाका मारत बसेल?"

"मग त्या दिवशी तू बोलला का नाहीस?"

"ते तू बोलायचं होतं."

सातुरने जाळीचं एक टोक उचललं. "एकट्याने ओढवत नाही आता. ते दुसरं टोक धर."

एलोयने टोक धरलं. झाडामागून झाड करत दोघं रांगेच्या शेवटापर्यंत गेले. तिथे एलोय सावलीत टेकला. पण पलीकडची रांग अजून बाकी होती, आणि जाळी पुन्हा सुरुवातीला न्यायची होती.

"एलोय, मागे!" सातुरने हाक मारली.

एलोयचे गुडघे दुखत होते. त्याने हात वर केला नाही. तो उठला आणि वळला.

तात्पर्य: आपण जेवढं धावायचं टाळतो, तेवढं दुसरं कुणीतरी आपल्यासाठी धावत असतं. त्याची हाक ऐकू येते तेव्हाच वळावं. उशिरा वळणंही चांगलंच, पण तोवर त्याचेही पाय थकलेले असतात.