किनाऱ्यावर सुरू झालेले यंत्र

खाडीच्या मुखाशी असलेल्या एका गावात धाकू नावाचे एक वृद्ध मेस्त्री राहत होते. पर्यटक ज्यांच्यावर बसून लाटांवरून सुसाट जातात, त्या जेट-स्की दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारे त्या किनाऱ्यावर कोणी नव्हते. उतारवयात त्यांनी वैजू नावाच्या एका तरुणीला शिष्या म्हणून पत्करले. ती आयटीआय शिकून आली होती. बुद्धी तल्लख आणि हात त्याहून चपळ.

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी एक मालक आपली जेट-स्की घेऊन घाईघाईने त्यांच्या दुरुस्तीच्या छपरापाशी आला. बटण दाबले की आतून नुसते ‘टक्’ होई, इंजिन काही फिरत नसे. तिकडे वाळूवर गिऱ्हाइके ताटकळली होती. वैजूने आवाज ऐकताच दोष ओळखला. बॅटरीचा करंट स्टार्टरकडे सोडणारा सोलेनॉइड खाऱ्या पाण्याने खाल्ला होता आणि नवा मिळायला दोन दिवस लागणार होते. तिने स्क्रूड्रायव्हर घेतला, सोलेनॉइडच्या दोन टोकांवर आडवा टेकवला. ठिणगी उडाली आणि इंजिन धडधडू लागले.

“वा! याला म्हणतात कारागिरी,” मालक खूश होऊन म्हणाला.

तोच धाकू पुढे झाले. त्यांनी चालते इंजिन बंद केले, तारा सोडवल्या आणि बॅटरी उचलून छपराखाली नेऊन ठेवली. “परवा या,” ते म्हणाले.

मालक नाही नाही ते बोलून निघून गेला. वैजूचा चेहरा उतरला.

“काका, चालू झालेलं यंत्र बंद का केलंत? चारचौघांत माझी शोभा झाली.”

धाकू बॅटरीशेजारी टेकले. मग म्हणाले, “बाय, चालवणारा पाण्यात पडला की त्याच्या मनगटाची दोरी ओढली जाते आणि इंजिन आपोआप बंद होतं. ते त्याच्या भल्यासाठीच केलेलं आहे. तो पोहत येतो, वर चढतो, बटण दाबतो. तेव्हा तू स्क्रूड्रायव्हर घेऊन तिथे नसतेस.

“बारा वर्षांपूर्वी मीही एक गाडी अशीच चालू करून दिली होती. रुजाय ती गाडी चालवायचा. मी त्याला म्हटलं, ‘जा, झाली.’ बेटाच्या खडकांजवळ लाटेनं त्याला पाडलं. वर चढून तो बटण दाबत राहिला. इंजिन लागलंच नाही. लाटांनी त्याला गाडीसकट खडकावर आपटलं. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.”

“त्यांना कळलं होतं, दोष कुठे होता ते?”

“नाही. तो म्हणायचा, ‘यंत्रच ते मेस्त्री, कधीतरी बंद पडायचंच.’ बाजारात दिसला की कुबडी सावरून हात वर करायचा. नाताळात घरी केक पाठवायचा. दर वेळी मी ठरवायचो, आज सांगीन. गेल्या श्रावणात तो वारला. मी खांदा दिला, मूठभर माती टाकली. सांगायचं राहूनच गेलं. चूक एका सकाळची होती गो बाय. गप्प बसलो ते बारा वर्षं.”

वैजूच्या तोंडचे पाणी पळाले.

“काका, गुरुवारी तुम्ही तालुक्याला गेला होतात. लवूची गाडी मी अशीच चालू करून दिली. नंतर एकदा बटणानंही लागली, म्हणून ‘झाली’ म्हणून सांगितलं. तो आत्ता पाण्यात आहे.”

धाकू काही म्हणायच्या आत ती धावत सुटली. दूर पाण्यावर लवूची पिवळी जेट-स्की वळण घेत होती. त्याच्या मागे एक पर्यटक बाई घट्ट धरून बसली होती. वैजू गुडघाभर पाण्यात शिरली आणि ओढणी सोडून हवेत फिरवू लागली. दोन फेऱ्या लवूला ती दिसलीच नाही. तिसऱ्या फेरीला दिसली. तो किनाऱ्याला आला, बाई हसत उतरून गेली.

मग वैजू लवूशी बोलू लागली. छपरापर्यंत शब्द पोचत नव्हते. लवूचा आवाज मात्र चढला. तो हातवारे करत होता, गाडीकडे बोट दाखवत होता, लोक थांबून पाहत होते. वैजू भिजल्या कपड्यांनिशी मान खाली घालून ऐकून घेत होती. तिने पाऊल मागे घेतले नाही.

धाकू छपराखाली उभे राहून पाहत होते. रुजाय आपल्यावर कधीच रागावला नाही, हे इतकी वर्षे त्यांनी त्याचे मोठे मन मानले होते. त्याला रागावण्याची संधीच आपण दिली नाही, हे त्या सकाळी त्यांना उमगले.