कमळीची हाक

कृष्णाकाठच्या एका गावात चंद्राक्का नावाची बाई राहत होती. तिने मुलासाठी दूर वऱ्हाडातून सून आणली. सुनेचे नाव रुक्मा. वडिलांनी तिला आंदण म्हणून एक म्हैस दिली होती. ती गाडीमागे बांधलेली, पंधरा दिवस चालत सासरी आली. तिचे नाव कमळी.

रुक्मा कामाला चलाख होती. पण तिच्या तोंडून 'ळ'च्या जागी 'य' येई. केळीला ती केयी म्हणे, आणि कमळीला शेवटचा सूर लांबवून 'कमये' अशी हाक मारी. रुक्माची आई कमळीला पारडू असल्यापासून अशीच बोलवायची. आई आता नव्हती.

पाणवठ्यावरच्या बायका रुक्माची नक्कल करीत. हौसाबाई तर चंद्राक्काला विचारी, "सुनेबरोबर दुभाष्या नाही का आणलास?" चंद्राक्काला लाज वाटे. तिने सुनेला बजावले, या घरात नीट बोलायचे, नाहीतर बोलायचेच नाही. रुक्मा गप्प राहू लागली. बोले ती फक्त गोठ्यात.

एकदा रुक्माला ताप आला आणि घसा पार बसला. म्हणून चंद्राक्काच कमळीला नदीवर घेऊन गेली. कमळी डोहाच्या मधोमध जाऊन डुंबत राहिली. इतक्यात वरच्या अंगाने एक गुराखी ओरडत आला, नदीला लोंढा येतोय. सगळ्यांनी आपापली जनावरे बाहेर काढली. कमळी मात्र हलेना. चंद्राक्काने 'कमळे, ये गं' म्हणून हाका मारल्या, गवत दाखवले, खडे मारले. म्हैस गाभण होती, आणि तिला आणायला आत जावे तर पाणी बुडण्याइतके खोल.

गलका ऐकून रुक्मा धावत आली. तिच्या तोंडून आवाजच फुटेना. तिने सासूचा दंड धरला आणि कानाशी कुजबुजली, "आत्याबाई, माही माय मारे तशी हाक मारा. कमये, ये वं म्हणा. लांबवून म्हणा."

काठावर त्याच बायका उभ्या होत्या. चंद्राक्काने एकदा त्यांच्याकडे पाहिले. मग डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हाक मारली. पहिल्या खेपेला जिभेवर 'ळ'च आला. कमळी ढिम्म. दुसऱ्या खेपेला तिने डोळे मिटून सूर ओढला,

"कमयेऽऽ, ये वंऽऽ!"

कमळीने मान वर केली. वळली, आणि पाणी उडवत थेट काठावर आली. मागोमाग गढूळ लोंढा डोह भरून वाहू लागला.

बायका पोट धरून हसत होत्या. हौसाबाई म्हणाली, "चंद्राक्का, तुझी जीभ वऱ्हाडात गेली की."

"जाईना का," चंद्राक्का म्हणाली, "म्हैस घरी आली."

मग तीही हसली, आणि तापाने फणफणलेल्या सुनेच्या खांद्यावर हात टाकून घराकडे निघाली. वाटेत तिने रुक्माला विचारले, माहेरी आणखी कशाकशाला काय काय म्हणतात.

तात्पर्य: उच्चार गावागावाला बदलतो, त्यात शुद्ध-अशुद्ध काही नसते. ज्या उच्चारात माया मिळाली तोच जिवाला कळतो. म्हणून दुसऱ्याच्या बोलीला हसू नये, ती शिकून घ्यावी.