उंच गडावरचा पहिला गोळा

समुद्रकाठच्या एका किल्ल्यावर सिदोजी नावाचा गोलंदाज होता. नेम असा, की लाटांवर हलणाऱ्या गलबताची डोलकाठी तो पहिल्या गोळ्यात उडवी. राजाने त्याला भर दरबारात शाबासकी दिली आणि ती त्याच्या डोक्यात गेली.

पुढे एका फार उंच गडाला शत्रूने वेढा घातला. राजाने सिदोजीला चोरवाटेने वर धाडलं. चढताना त्याला धाप लागली. वर आल्यावर भात लवकर शिजेना. इथली हवा विरळ आहे, हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं. पण कळून उपयोग काय?

गडाचा जुना गोलंदाज कोंडाजी त्याला आदराने म्हणाला, "नाईक, इथं गोळ्याला हवेची आडकाठी कमी. तो खालच्यापेक्षा लांब जातो. आधी मोकळ्या दरीत एक-दोन गोळे टाकून बघा. शत्रूच्या छावणीमागे, ओढ्यापलीकडे माझं घर आहे."

सिदोजीला ते पटलं. पण तटावर सारा गड जमला होता. दरीत गोळा भलतीकडे गेला तर हे लोक फिदीफिदी हसतील, एवढंच त्याच्या मनात आलं. त्याने जमलेल्या लोकांकडे एकदा पाहिलं, कोंडाजीला बाजूला सारलं, समुद्रावरच्या अंदाजाने तोफेचं तोंड उचललं आणि बत्ती दिली.

गोळा छावणीवरून पार निघून गेला. ओढ्यापलीकडे एका घराचं छप्पर खचलं. आत कोंडाजीची बायको होती. ती वाचली नाही.

आता नशिबाचा नीचपणा बघा. एवढा लांबचा मारा पाहून शत्रूची गाळण उडाली. त्याने वेढा उठवला. राजाने सिदोजीला सोन्याचं कडं पाठवलं. गडावर वाजंत्री वाजली. नेम चुकला होता, हे सिदोजीने तेव्हाही कुणाला सांगितलं नाही.

बायकोला अग्नी देऊन कोंडाजी वर आला. सिदोजीने मान खाली घालून कडं त्याच्यापुढे धरलं. कोंडाजीने त्याला हात लावला नाही.

"राहू द्या, नाईक," तो म्हणाला. "दरीत गोळा चुकला असता, तर आम्ही थोडं हसलो असतो, आणि मग जेवायला बसलो असतो."

तात्पर्य: जागा बदलली की हवा बदलते. हे कळूनही जो चारचौघांच्या हसण्याला भिऊन आपला अंदाज तपासत नाही, त्याची चूक दुसऱ्याच्या घरावर पडते आणि कडं त्याच्याच हातात राहतं.