वहिनीची शिंगं

"चाचा, हळद साबणानं लाल का होते, एवढंच सांगा की!"

यासीनचाचांनी माझ्या हातात ब्रश दिला.

"चित्र काढ, नरश्या."

डोकंच फिरलं माझं. मे महिना, सोलापूरचं ऊन, म्युन्सिपाल्टीची शाळा, वर पत्रा. आमच्या झोपडपट्टीतल्या पोरांचं सुट्टीतलं शिबिर. चित्रं पण, विज्ञान पण. शिकवायला हे चाचा, चाळीस वर्षं चादरींचं सूत रंगवलेले. नऊ दिवसांत एका प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं असेल तर शप्पथ! मी त्यांच्या चष्म्याला हिरवा रंग फासला, तर ओरडले पण नाहीत. "पोरांनो, आज सगळं हिरवं का दिसतंय?" म्हणे.

"मस्ती नाही चाचा आज. आई बंगल्यातल्या वहिनीकडं कपडे धुती. त्यांच्या पोराचा हळदीतला पांढरा झब्बा होता. आईनं साबण लावला, डाग लालभडक! वहिनी म्हणती, तूच कशाचा तरी रंग लावलास. उद्यापासून येऊ नको."

चाचांनी चष्मा पुसला.

मग हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद पुढं सरकवला. आणि लिंबाच्या रसाची वाटी.

"काढ."

"रसानं काय दिसणार, डोंबल?"

"काढ."

चिडून वहिनीच काढली. नाकात नथ, डोक्यावर दोन शिंगं. रस वाळला. दिसलं काहीच नाही.

चाचांनी वरनं साबणाचं पाणी फासलं.

कागद लालभडक. झब्ब्यावानीच. मधी फक्त वहिनी पिवळी, शिंगांसकट. पोरं खदाखदा हसली.

मी नाही हसलो.

"म्हणजे... आईनं काय केलंच नाही. हळदच साबणानं लाल होते."

चाचांनी कागद वाळायला दोरीवर टाकला.

"मग तसं लिहून द्या की! सही ठोका. आमचं ती ऐकणार आहे होय?"

"माझं ऐकेल?"

मी त्यांच्या हातांकडं बघितलं. नखांत चाळीस वर्षांचा निळा रंग. ह्यांचं पण ती ऐकणार नव्हती.

"मग करू काय? आतातरी बोला, चाचा!"

चाचांनी हळदीचा एक कोरा पिवळा कागद घेतला. त्यात साबणाची वडी गुंडाळली. माझ्या खिशात कोंबली.

"ह्याच्यावर शिंगं काढू नको," म्हणाले. "आणि साबण वहिनीच्याच हातात दे."