तेल कुठवर पोचलं

एके काळी एक वस्ताद होते, इंजिनाचे. आता तुम्ही लगेच म्हणाल, दृष्टांत म्हटला की गुरू नदीकाठी बसलेला हवा आणि शिष्याच्या हाती कमंडलू हवा. असेल बुवा! या वस्तादांच्या हाती पाना असे आणि शिष्याच्या खांद्यावर काळेकुट्ट फडके. तेवढ्यावरही ज्ञान मिळते, तेव्हा नाक न मुरडता ऐका.

वस्तादांचे नाव तातोबा. कोल्हापुरात उद्यमनगरच्या एका बोळात त्यांचे गॅरेज. वय झाले होते, गुडघे बोलत होते, पण इंजिनाचा आवाज ऐकून आजार सांगण्याची त्यांची ख्याती गेली नव्हती. आणि शिष्य म्हणाल, तर तो काही मिसरूड फुटलेला पोरगा नव्हता. महिपती पन्नाशीला टेकलेला, स्वतः नावाजलेला मेकॅनिक. तरीही अडले की तो वस्तादांकडेच येई आणि वस्ताद आले की स्टूल सोडून उभा राही. ती रीत त्याने कधी मोडली नाही.

महिपतीच्या शेडमध्ये त्याची स्वतःची एक गाडी उभी होती. जुन्या अँबॅसिडरचा सांगाडा, छप्पर जरा खाली उतरवलेले आणि पुढे परदेशी भंगारातून मिळवलेले आठ सिलिंडरचे दांडगे इंजिन. अशा गाडीला हॉट रॉड म्हणतात. भाजी आणायला तिचा उपयोग शून्य. ती निव्वळ हौस असते, आणि हौस माणसाला काय काय करायला लावते हे तुमच्या घरातही ठाऊक असेलच.

ही हौस एकट्या महिपतीची नव्हती. त्याची लेक केतकी शाळेत जायची तेव्हापासून बापाशेजारी उकिडवी बसून नट-बोल्ट रॉकेलमध्ये धुवून द्यायची. फ्रॉकला तेल लागले म्हणून आईची बोलणी खायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर! “पप्पा, ही पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा मी पायजे हां,” असे तिने बजावून ठेवले होते. पुढे ती शिकली, इंजिनिअर झाली आणि नोकरीसाठी जर्मनीला गेली. गाडी अर्धवट राहिली. महिपती रोज संध्याकाळी शेडमध्ये जाई आणि काही काम नसले तरी तासभर बसून येई.

त्याला लेकीची फार आठवण येई. हे त्याने कोणाला सांगितले नव्हते, पण खरे होते. कोणाची मुलगी बापाच्या स्कूटरवर मागे बसून जाताना दिसली की हा रस्त्यातच थांबे. ताटात पिठलं पडले की तिचा हात आठवे, कारण ती कढईतली खरवड ओरबाडून खायची. तिच्याशी किती बोलायचे होते त्याला! पण बोलायची वेळ आली की सगळे घशात अडके.

त्याच्या घरी फोनवर मायलेकींचे जे चाले, ते ऐकण्यासारखे होते. शालनवहिनी म्हणजे महिपतीची बायको. त्या सुरू करायच्या: “वाळून कोळ झालीयास,” “एवढ्या थंडीत कानाला काय बांधतीस का न्हाई,” “तुला आईची काय किंमतच न्हाई.” मध्येच रडायच्या, मध्येच रागाने फोन ठेवायच्या आणि चहा गाळून होण्याआधी पुन्हा लावायच्या. शेवटी दोघी खिदळत. मग फोन महिपतीच्या हाती येई. “बरी हाईस न्हवं? बरं. काळजी घे.” झाले, संपले.

माणूस कोरडा नव्हता हो. त्याला वाटे, आपल्या मनात येते ते सगळेच मळकट आहे. घर खायला उठते म्हणावे, तर ते पोरीच्या पायात बेडी घातल्यासारखे होईल. तू का गेलीस म्हणावे, तर तो राग. ती सुखात असावी, तिच्यापर्यंत बापाच्या मनातला गाळ पोचू नये. म्हणून तो प्रत्येक वाक्य मनातल्या मनात गाळून घेई, आणि गाळून उरे ते ‘काळजी घे’ एवढेच. आपल्या या संयमाचा त्याला थोडा अभिमानही होता.

तर त्या हिवाळ्यात इंजिन बसवून झाले आणि एक अडचण निघाली. तेल गाळणारा फिल्टर जिथे लागायचा, नेमका तिथे स्टिअरिंगचा दांडा आला. मग उपाय एकच: दोन नळ्या काढायच्या, तेल बाहेर न्यायचे, चॅसीवर बसवलेल्या फिल्टरमधून गाळायचे आणि परत इंजिनात सोडायचे. यात अवघड काही नाही. पण फिल्टर कोणता बसवायचा, यावर महिपतीने वस्तादांचे डोके खाल्ले. वस्ताद म्हणाले, “ट्रकचा साधा मोठा लाव की. तेल मोकळं फिरतंय.” महिपतीला ‘साधा’ हा शब्दच सोसेना. लेकीची गाडी! तिच्या इंजिनात धुळीचा कणसुद्धा जाता कामा नये. त्याने कारखान्यातल्या प्रेस मशीनचा अतिबारीक गाळणीचा फिल्टर पैदा केला.

एवढ्यावर भागले असते तरी चालले असते. फिल्टर ज्याच्यावर बसतो त्या बैठकीत एक लहानसा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असतो. गाळणी तुंबली की तो आपोआप उघडतो आणि तेल न गाळता तसेच पुढे जाऊ देतो. महिपतीला तो बघवेना. गाळल्याशिवाय तेल? आणि माझ्या इंजिनात? त्याने व्हॉल्व्ह काढून टाकला, भोकाला आटे पाडले आणि बोल्ट आवळून ती वाट कायमची बंद केली. मग लांब उभा राहून कौतुकाने बघत बसला.

इंजिन सुरू करायचा दिवस ठरला. केतकीला यायला जमत नव्हते, म्हणून तिने तिकडच्या पहाटे उठून फोनवरून बघायचे असे ठरले. सकाळी चांगलाच गारठा होता. शालनवहिनी नारळ आणि झेंडूची फुले घेऊन शेडमध्ये आल्या, वस्तादही मफलर गुंडाळून हजर झाले. इतक्यात महिपतीच्या फोनवर केतकीचा मेसेज आला. “पप्पा, इथली कंपनी मला कायमची घेते आहे. आज उत्तर द्यायचंय. राहू की परत येऊ? आई तर ये म्हणते. तुम्ही काहीच बोलला नाहीत.”

महिपती कोपऱ्यात गेला. त्याने बरेच लिहिले. ते पुसले. पुन्हा लिहिले, पुन्हा पुसले. शेवटी पाठवले: “तुझं तू ठरव. इकडे सगळं ठीक आहे.”

तिकडून उत्तर आले, “बरं.”

महिपतीने तो एक शब्द दोनदा वाचला. पण बापाने आपले कर्तव्य केले, असे स्वतःला समजावून तो इंजिनाकडे वळला.

“काय म्हणती लेक?” वस्तादांनी विचारले.

महिपतीने सांगितले.

“आणि तू काय कळवलंस?”

त्याने तेही सांगितले. वस्ताद नुसते “हं” म्हणाले.

इंजिन खरोखर पेटवण्याआधी ते नुसते फिरवून तेल चढते का, ते बघायची पद्धत असते. महिपतीने ठिणगीची वायर काढून ठेवली आणि स्टार्टर मारला. इंजिन घरघरत फिरू लागले. तेलाच्या प्रेशरचा काटा सरसर चढला आणि वर जाऊन थांबला.

“बघा वस्ताद!” महिपतीचा चेहरा फुलला. “काय प्रेशर हाय! लावू का केतकीला फोन?”

वस्ताद वाकले, फिल्टरच्या बैठकीवरचा तो बोल्ट त्यांनी अंगठ्याने चाचपला. मग त्यांनी पाना मागितला आणि प्रेशरच्या काट्याची बारीक तांब्याची नळी सरळ खोलून काढली! चांगला चालणारा काटा! शालनवहिनी “अगं बाई” म्हणाल्या. महिपतीला काही सुधरेना, पण वस्तादांना अडवणार कसे? वस्तादांनी ती नळी वळवत, जपत इंजिनाच्या पार मागच्या टोकाला नेली, जिथे तेल सगळ्यात शेवटी पोचते. तिथला एक लहान बूच काढून ती त्यात बसवली.

“आता फिरव.”

महिपतीने स्टार्टर मारला. इंजिन तसेच घरघरले. काटा हलला नाही.

“अजून फिरव.”

काटा शून्यावरच पडून राहिला. वस्तादांनी नळी सैल करून त्या भोकात बोट फिरवले आणि महिपतीपुढे धरले. बोट कोरडे होते.

“वस्ताद, पण मगाशी तर...”

“मगाशी तू काटा पंपाच्या तोंडाशी लावला होतास,” वस्ताद स्टुलावर टेकत म्हणाले. “पंप जीव तोडून ढकलतोय. काटा चढतोय. तुला वाटतंय, वा, काय तेल हाय! पण तेल तुझ्या त्या गाळणीपाशी येऊन थांबलंय. थंडीनं घट्ट झालंय, बारीक जाळीतनं जाईना, आणि दुसरी वाट तू बोल्ट मारून बुजवलीयास. इंजिनाला विचार की, मिळालं का तेल म्हणून. किती सुटलं त्याला काय करायचंय? पोचलं किती, ते मोज.”

“पण कचरा आत जाऊ नये म्हणून मी...”

“जाऊ नये, खरं हाय. गाळावं माणसानं. पण ज्यानं ही गाळणी बनवली त्यानं शेजारी तो व्हॉल्व्ह का ठेवला? त्याला काय कळत नव्हतं? अरे, मळक्या तेलानं इंजिन झिजतं. झिजायला वर्षं जातात, तोवर दुरुस्ती करता येती. पण तेलच न्हाई पोचलं तर दोन-चार मिनिटांत सगळं जाम, मग कुणी वस्ताद कामाचा न्हाई. अडचणीच्या वेळी मळकं तर मळकं, पण जाऊ दे, म्हणून ती वाट असती. तू इंजिनावर एवढी माया केलीस की त्याला उपाशीच मारणार होतास.”

वस्तादांनी मफलर सारखा केला आणि आवाज जरा खाली आणला.

“आणि लेकीचा काटा कुठं लावलायस, महिपती?”

एवढेच ते बोलले. पण महिपतीच्या अंगावर सरसरून काटा आला. इतकी वर्षे तो आपल्याच छातीशी मोजत आला होता. इथे तर प्रेम भरून वाहत होते, तसूभर कमी नव्हते. तिकडे पोचले काय? ‘काळजी घे’. ‘सगळं ठीक आहे’. बापाला आपल्यावाचून काही अडत नाही, असे त्या पोरीने समजावे नाही तर काय करावे? बाप म्हणून आपण तिला जपतो आहोत असे त्याला वाटत होते, आणि ती परमुलखात एकेका शब्दासाठी तिष्ठत असणार, हे त्याच्या ध्यानातच आले नव्हते.

त्याने हात फडक्याला पुसले न पुसले तोच फोन उचलला.

“पप्पा? झाली का गाडी सुरू?” केतकीचा आवाज आला.

“गाडी गेली खड्ड्यात,” महिपती म्हणाला. शालनवहिनी नारळ धरून जागच्या जागी थबकल्या. “केते, ऐक. मगाशी लिहिलं ते खोटं लिहिलं. हितं काय ठीक न्हाई. मला करमत न्हाई. तू गेलीस तवा मला राग आला होता, अजून हाय थोडा. शेडात तू बसायचीस तिथं मी अजून काय ठेवत न्हाई, जागा मोकळी ठेवतो. आता तू तिकडं ऱ्हा न्हाईतर हिकडं ये, ते खरंच तुझं तू ठरव, माझी काय आडकाठी न्हाई. पण माझं सगळं बरं चाललंय म्हणून तू राहू नकोस. मला तुझ्याबिगर करमत न्हाई. एवढंच सांगायचं होतं.”

बोलता बोलता तो शेडमधल्या त्या मोकळ्या जागेपाशी जाऊन उभा राहिला होता.

पलीकडून एक मुसमुसल्याचा आवाज आला, आणि नाक ओढल्याचा.

“उत्तर मी संध्याकाळी देणार आहे,” केतकी म्हणाली. “काय द्यायचं ते माझं अजून ठरलेलं नाही. पण पप्पा, आत्ता म्हणालात ना, ते परत एकदा म्हणा.”

“काय म्हणू?”

“ते... करमत नाही म्हणालात ते.”

महिपतीने ते परत म्हटले, आणि या वेळी जरा मोठ्याने.