घुबडांची मावशी

ही गोष्ट आमच्या आजोबांच्या आजोबांनीसुद्धा ऐकलेलीच. डोळ्यांनी पाहिलेलं कुणी उरलेलं नाही. फार वर्षांपूर्वी, डोंगराच्या कुशीतल्या बेहडगावात धुरपा नावाची बाई शेतं राखायची. रानाच्या कडेला, ज्वारीत तिचं मचाण होतं. पहाटे, तांबडं फुटायच्या आधी, ती रानातली घुबडं ऐकत बसायची. कुठलं पिलांना भरवतंय, कुठलं उपाशी आहे, हे तिला नुसत्या आवाजावरून कळायचं, असं म्हणतात.

लोक चिडवायचे, ‘घुबडांची मावशी!’

ती म्हणायची, ‘भाचे गुणी आहेत माझे. दिवसा झोपतात, पण रात्रभर राबतात. तुम्ही तर दोन्ही वेळा झोपता.’

एका वर्षी पाटलांच्या घरावर घुबड बोललं आणि तिसऱ्या दिवशी त्यांची आई गेली. घुबडाला दगड मारायची कुणाची छाती नव्हती. घुबड तो दगड नदीवर नेऊन घासतं, आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजतो, अशी सगळ्यांना धास्ती. तेव्हा पाटलांनी तोड काढली, ‘घुबडाला हात लावू नका. ढोलीची झाडं तेवढी पाडा.’

झाडं पडली, घुबडं गेली. गाव निवांत झोपलं.

पुढच्या हंगामात उंदीर आले. त्यांनी ज्वारीच्या उभ्या ताटांवरची कणसं खाल्ली, बियाण्याच्या कणग्या पोखरल्या, झोपलेल्या माणसांच्या टाचा कुरतडल्या, असं म्हणतात. गाव सोडायची बोलणी सुरू झाली. धुरपाच्या मचाणाशेजारी ढोलीचा एकच बेहडा उरला होता. पाटील म्हणाले, ‘अपशकुन तिथंच राहिलाय,’ आणि कुऱ्हाडी घेऊन आले.

धुरपा बुंध्याला पाठ लावून उभी राहिली. ‘तीन पहाटा द्या, पाटील. माझे भाचे परतले नाहीत तर झाड पाडा. मीही गाव सोडते.’

‘आणि परतले तर?’

‘तर इथं येऊन ऐकायचं. गप्प बसून. जमेल?’

लोक हसले. पाटलांनाही हसू आलं.

पहिल्या पहाटे तिनं ओंजळ तोंडाशी धरून साद घातली. रान गप्प. दुसऱ्या पहाटे तिचा आवाज बसला. तिसऱ्या पहाटे सगळं गाव घोंगड्या पांघरून जमलं, तर तिच्या घशातून सूरच फुटेना. तेव्हा तिनं साद घालणं सोडलं आणि जन्मभर केलं तेच केलं. ती ऐकत बसली. इतकं खोल ऐकत बसली की झऱ्याचं पाणी थबकलं, कुरतडणारे उंदीरही थांबले, असं म्हणतात.

त्या शांततेत तीन डोंगरांपलीकडून आवाज आला: हूऽऽ.

मग दुसरा. मग सगळे डोंगर घुमू लागले. पंखांचा आवाज नाही, पण चांदण्या झाकल्या गेल्या. उजाडेपर्यंत शिवारात उंदराची शेपटीही उरली नाही.

कानांवर हात ठेवून पाटील म्हणाले, ‘मावशी, पुरे म्हणा आता भाच्यांना!’

‘तुम्ही गप्प बसणार होता ना?’ धुरपा म्हणाली. आणि पाटील खरोखरच गप्प बसले.

आजही बेहडगावात कापणीच्या पहिल्या दिवशी सगळे अंधारातच त्या बेहड्याखाली जमतात. दिवा नाही, बोलणं नाही. गप्प बसायचा पहिला मान पाटलांच्या घराचा. घुबड बोलल्याशिवाय कुणी विळा उचलत नाही. कधी फार वेळ लागतो. पोरं चुळबुळतात, म्हातारे खोकला दाबतात. मग रानातून आवाज येतो, आणि सगळं गाव एका दमात ओरडतं, ‘आले गं मावशी, आले!’

बाकीचं सगळं ‘असं म्हणतात’. एवढं मात्र मी माझ्या कानांनी ऐकलंय.